डार्क वेब: अंधार किती, बागुलबुवा किती?

हौगांगच्या आमच्या भागात संध्याकाळी फिरायला खाली उतरणाऱ्या मराठी मंडळींमध्ये अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो: डार्क वेब. निमित्त झाले दोन घरांचे. पहिल्या घरात सेकंडरी फोरमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर आईला 'टोर' नावाचा एक ब्राउझर दिसला. वडिलांनी त्या शब्दाचा शोध घेतला. पहिल्या पाच मिनिटांत अमली पदार्थ, बंदुका आणि भाडोत्री मारेकरी एवढे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद झाला. दुसऱ्या घरी सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना एक ईमेल आली: 'तुमची माहिती डार्क वेबवर सापडली आहे.' आजोबा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी चहाच्या आधी त्यांनी मुलाला सांगितले, "माझ्या सगळ्या मुदत ठेवी मोड, पैसे दुसरीकडे कुठेतरी हलव."

मला विचाराल तर पहिल्या घरात भीती गरजेपेक्षा जास्त झाली, आणि दुसऱ्या घरात ती चुकीच्या जागी गेली. हा लेख मुख्यतः त्या चुकीच्या जागेविषयी आहे. पण त्याआधी ही भानगड मुळात आहे तरी काय, ते समजून घ्यायला हवे.

तुम्ही ते हिमनगाचे चित्र पाहिले असेल. पाण्यावर छोटेसे टोक, त्यावर गुगल वगैरे लिहिलेले. खाली प्रचंड निळा-काळा डोंगर, आणि शेजारी मजकूर की इंटरनेटचा नव्वद-पंचाण्णव टक्के भाग अंधारात आहे. या चित्राने जितका गोंधळ घातला तितका कुठल्या चोरानेही घातला नसेल. पाण्याखालचा तो मोठा भाग म्हणजे 'डीप वेब', आणि डीप वेब म्हणजे फक्त एवढेच की जिथपर्यंत शोधयंत्रे पोहोचत नाहीत तो भाग. सिंगपासच्या मागे असलेला तुमचा सीपीएफचा उतारा, बँकेतले खाते, हेल्थहबवरचा रक्ततपासणीचा अहवाल, शाळेचे पेरेंट्स गेटवे, ऑफिसची मेल, हे सगळे डीप वेबच. म्हणजे तुम्ही रोज सकाळी बसमध्ये बसून डीप वेबवरच असता! आपल्या एचडीबीच्या ब्लॉकचे उदाहरण घ्या. रस्त्यावरून व्हॉइड डेक दिसतो, कॉरिडॉर दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. बंद दारांआडची घरे दिसत नाहीत. म्हणून कोणी त्या घरांना गुन्हेगारांचे अड्डे म्हणत नाही.

जाता जाता सांगतो, हौगांग हे नाव टिओच्यू लोकांच्या 'आउ-कांग' या शब्दाचे मँडरिन रूप. अर्थ साधारण असा की नदीची मागली बाजू. सेरंगून नदीच्या वरच्या अंगाला, मागे वसलेली वस्ती म्हणून हे नाव. तर मागे असणे आणि काळोखात असणे यांत फरक आहे, हे हौगांगकरांना तरी वेगळे सांगायला नको.

डार्क वेब हा त्या डीप वेबमधला एक अगदी छोटा कोपरा. नेहमीच्या ब्राउझरने तिथे जाता येत नाही. त्यासाठी खास प्रकारची वाट लागते, आणि त्यातली सर्वांत वापरातली वाट म्हणजे टोर. या नावातले 'ओ' हे अक्षर ऑनियनचे, म्हणजे चक्क आपल्या कांद्याचे! लासलगावच्या शेतकऱ्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही, पण सगळी रचना कांद्याच्या पापुद्र्यांवरूनच सुचलेली आहे.

समजा, कोवानमधून जुराँगला एक चिठ्ठी पाठवायची आहे, पण ती कोणी कोणाला पाठवली हे वाटेतल्या कोणालाच कळू द्यायचे नाही. तुम्ही चिठ्ठी एका पाकिटात घालता, ते पाकीट दुसऱ्यात, आणि दुसरे तिसऱ्यात. सर्वांत बाहेरचे पाकीट बिशानचा माणूस उघडतो. आत त्याला फक्त टोआ पायोहच्या माणसाचा पत्ता मिळतो. टोआ पायोहचा माणूस दुसरे पाकीट उघडतो. त्यात क्लेमेंटीचा पत्ता. क्लेमेंटीचा माणूस शेवटचे पाकीट उघडून चिठ्ठी जुराँगला पोहोचवतो. बिशानवाल्याला ठाऊक आहे की चिठ्ठी तुमच्याकडून आली, पण ती कुठे जाणार ते नाही. क्लेमेंटीवाल्याला कुठे जाणार ते ठाऊक आहे, पण कोणाकडून आली ते नाही. आणि मधल्या टोआ पायोहवाल्याला दोन्ही ठाऊक नाही. टोरमध्ये नेमके हेच होते. जगभर स्वयंसेवकांनी चालवलेले हजारो संगणक आहेत, त्यांतले तीन निवडून तुमचा निरोप पापुद्रे काढत काढत पुढे जातो. डार्क वेबवरच्या संकेतस्थळाच्या बाबतीत तर ते स्थळसुद्धा असेच पापुद्र्यांआड बसलेले असते. दोन्ही बाजूंनी पाकिटे येतात आणि मध्येच कुठेतरी भेटतात, म्हणून तुमचा पत्ता त्याला कळत नाही आणि त्याचा तुम्हाला. अशा स्थळांचे पत्ते ५६ अक्षरांचे, अर्थहीन, शेवटी 'ऑनियन' हा शब्द जोडलेले असतात. पाठ करायला आपली पाढे म्हणणारी पिढीसुद्धा धजणार नाही.

हे काढले कोणी? गुन्हेगारांनी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग या तिघांनी ही कल्पना मांडली. परदेशात बसलेल्या आपल्या माणसाला मायदेशाशी गुपचूप संपर्क साधता यावा, हा हेतू. टोर प्रत्यक्ष सुरू झाले २००२ साली, आणि २००६ मध्ये ते सांभाळायला एक ना-नफा संस्था स्थापन झाली. आता कोणीही विचारेल, नौदलाने आपले गुपित सगळ्या जगाला फुकट का वाटले? उत्तर फार मजेशीर आहे. वाट फक्त नौदलच वापरत असेल, तर त्या वाटेवर दिसणारा प्रत्येक जण नौदलाचाच म्हणून ओळखू येणार. रिकाम्या रस्त्यावर एकटाच माणूस टाळ-मृदंग घेऊन निघाला तर सगळे गाव वळून बघते. आषाढीच्या वारीत तोच माणूस लाखांत एक होऊन जातो. लपायचे असेल तर गर्दी हवी, आणि गर्दी हवी असेल तर दार सगळ्यांना उघडे हवे. मग त्या दारातून पत्रकार आले, सरकारी दडपशाहीत राहणारे सामान्य लोक आले, आणि चोरही आले.

फेसबुकने २०१४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये आपापली ऑनियन स्थळे उघडली, ती काही चोरीचा माल विकायला नव्हे. चीन, इराण, व्हिएतनामसारख्या ठिकाणी बीबीसी अडवली जाते, तिथल्या लोकांना बातम्या वाचता याव्यात म्हणून. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे एका सरासरी दिवशी टोर वापरणाऱ्या शंभरांपैकी साधारण सहा-सात जण संशयास्पद कामासाठी लपलेल्या स्थळांकडे जातात. बाकीचे टोरच्या आडून साधेच इंटरनेट वाचत असतात.

तेव्हा मुलाच्या लॅपटॉपवर टोर आहे, एवढ्यावरून तो हाताबाहेर गेला असे समजू नका. सिंगापूरमध्ये टोर वापरणे हा गुन्हा नाही. पण त्याच दमात दुसरी गोष्टही मुलाला सांगायला हवी, आणि ती बसवून, शांतपणे, लॅपटॉप कपाटातून बाहेर काढून. वाट कायदेशीर असली म्हणून त्या वाटेवर केलेले सगळे कायदेशीर होत नाही. आणि या देशात 'गंमत म्हणून' हे कारण न्यायालयात चालत नाही.

उदाहरणार्थ, अमली पदार्थ. मुलांची एक समजूत असते की डार्क वेबवर मागवले म्हणजे सगळे हवेतल्या हवेत. अहो, पैसे हवेतून जातील, पण वस्तू कशी येणार? ती शेवटी पाकिटात बंद होऊन, विमानातून, टपालाच्या तपासणीतून, आपल्या व्हॉइड डेकवरच्या पत्रपेटीतच यायची. त्या पाकिटावर ब्लॉक नंबर, घर नंबर आणि नाव स्वच्छ लिहिलेले! सेंट्रल नार्कोटिक्स ब्यूरोने असे लोक पकडलेले आहेत. आणि परदेशातून पाकीट मागवणे म्हणजे कायद्याच्या भाषेत सेवन नव्हे, बाळगणेही नव्हे, तर आयात. 'अ' वर्गातल्या पदार्थांच्या आयातीला प्रौढ पुरुषासाठी किमान पाच वर्षे तुरुंग आणि पाच फटके ठरलेले आहेत, आणि वजन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर फाशी. गांजाही त्याच 'अ' वर्गात येतो. आपली काही मुले युरोप-अमेरिकेतल्या भावंडांशी बोलून 'तिकडे तर चालतं' असे म्हणतात, त्यांना हे एकदा स्पष्ट सांगायला हवे. चोरलेल्या माहितीचेही तसेच. सिंगापूरने २०१७ मध्ये कॉम्प्युटर मिसयूज ॲक्टमध्ये दुरुस्ती केली. हॅकिंगने मिळवलेली लोकांची खासगी माहिती योग्य कारणाशिवाय मिळवणे, जवळ ठेवणे किंवा पुढे देणे हाही त्यानंतर गुन्हा ठरला. 'बघू या काय आहे' म्हणून एखादी चोरीची यादी उतरवून घेणे इतके निरागस नाही.

दुसरा मोठा गैरसमज: तिथे गेलेला माणूस सापडतच नाही. चांगले सापडतात! २०११ च्या सुरुवातीला सुरू झालेला 'सिल्क रोड' हा त्या जगातला पहिला मोठा बाजार. त्याचा चालक रॉस उल्ब्रिक्ट २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. त्याचा माग कसा लागला? टोरचे पापुद्रे कोणी फोडले नाहीत. करखात्याच्या एका अधिकाऱ्याने साध्या गुगलवर जुन्या नोंदी चाळल्या, आणि या गृहस्थाने अगदी सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिलेला सापडला. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. (पुढे २०२५ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली, तो वेगळा विषय.)

आपल्याला जवळची गोष्ट बँकॉकची. सिल्क रोडपेक्षा कितीतरी मोठा झालेला 'अल्फाबे' हा बाजार एक पंचवीस वर्षांचा कॅनेडियन तरुण बँकॉकमध्ये बसून चालवत होता. नवीन सभासदांना जी स्वागताची ईमेल जायची, तिच्यात सुरुवातीला त्याचा स्वतःचा जुना हॉटमेलचा पत्ता राहून गेला होता. ५ जुलै २०१७ रोजी थाई पोलिसांनी त्याच्या बंगल्याच्या फाटकावर मुद्दाम गाडी ठोकली. काय झाले ते बघायला हा बाहेर आला, आणि आत त्याचा लॅपटॉप उघडा, कुलूप न लावलेला तसाच राहिला. अल्फाबे बंद झाल्यावर तिथले व्यापारी आणि गिऱ्हाइके 'हान्सा' नावाच्या दुसऱ्या बाजाराकडे धावली. तो बाजार त्या वेळी हॉलंडचे पोलीस स्वतःच चालवत होते! जवळजवळ महिनाभर ते दुकानदार बनून आलेल्या गिऱ्हाइकांचे पत्ते गोळा करत बसले होते. एखाद्या मराठी नाटकात हा प्रवेश घातला असता तर परीक्षकांनी अतिरंजित म्हणून काट मारली असती.

बिटकॉइनचेही तसेच. लोकांना वाटते हा गुप्त पैसा. वास्तविक बिटकॉइनची खातेवही सगळ्यांना उघडी असते. प्रत्येक व्यवहार तिच्यात कायमचा नोंदलेला, खोडता न येणारा. फक्त नावाच्या जागी आकड्यांची माळ असते. त्या माळेला एकदा नाव जोडले गेले की दहा वर्षांपूर्वीचाही हिशेब बाहेर येतो. २०१२ मध्ये सिल्क रोडवरूनच पन्नास हजारांहून अधिक बिटकॉइन चोरणारा एक अमेरिकन तरुण नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, सापडला. त्याच्या चोरीच्या बिटकॉइनच्या काही किल्ल्या न्हाणीघरातल्या कपाटात, पांघरुणांखाली, पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात लपवलेल्या एका छोट्या संगणकात होत्या. आपल्या आज्या तुरीच्या डाळीत नोटा लपवायच्या, त्याचीच ही नवी आवृत्ती. फरक एवढाच की आजीचा डबा कोणाला सापडत नसे.

आता भाडोत्री मारेकरी. हा विषय निघाला की माणसे आवाज खाली आणून बोलतात. सिंगापूरमध्ये असे खरेच घडले आहे. २०१८ मध्ये इथल्या चाळिशीतल्या एका विवाहित गृहस्थाने, आपल्याला सोडून गेलेल्या मैत्रिणीच्या नव्या मित्राला मारण्यासाठी डार्क वेबवरच्या 'कमोरा हिटमेन' नावाच्या स्थळावर काम सोपवले आणि बिटकॉइन पाठवले. ते स्थळ शुद्ध फसवणूक होती. तिथे मारेकरी कोणीच नव्हता, पैसे घेऊन टोलवाटोलवी करणारा एक ठग होता. 'बेसा माफिया' नावाच्या अशाच आधीच्या स्थळाचे आतले सगळे निरोप २०१६ मध्ये बाहेर फुटले होते, आणि तेव्हापासून काही संशोधक आणि पत्रकार अशा स्थळांवर लक्ष ठेवून होते. सिंगापूरच्या या मागणीची खबर एका अमेरिकन पत्रकाराकडून इथल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि गृहस्थ पकडले गेले. शिक्षा पाच वर्षे. मारेकरी खोटा होता म्हणून खुनाचा बेत खोटा ठरला नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात मात्र गोष्ट याहून भयंकर झाली. बेसा माफियाला पैसे देऊनही काही घडत नाही असे पाहून एका नवऱ्याने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बायकोला स्वतःच मारले. डार्क वेबवरचा मारेकरी खोटा, घरातला खरा.

मग डार्क वेबवर खरे काय विकले जाते? आपल्याशी संबंध असलेला माल एकच: माहिती. इथे आजोबांच्या ईमेलकडे वळू.

माहिती तिकडे जाते कशी, हे नीट पाहिले की भीतीचा रोख बदलतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लझाडाने जाहीर केले की रेडमार्टची ११ लाख खात्यांची जुनी माहिती चोरीला गेली. नावे, फोन नंबर, पत्ते, सांकेतिक रूपातले पासवर्ड, कार्डांच्या क्रमांकांचे काही आकडे. आपल्यापैकी कितीतरी घरांत तांदूळ आणि दूध तिथूनच येत असे. २०२१ च्या मार्चमध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सांगितले की क्रिसफ्लायर आणि पीपीएस मिळून सुमारे ५ लाख ८० हजार सभासदांची थोडीफार माहिती फुटली. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडियाने सांगितले की जगभरातल्या ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली, ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातली. तिच्यात नावे, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील, कार्डांचे तपशील होते. या दोन्ही विमान कंपन्यांकडे चोर आलेच नव्हते. विमान कंपन्यांना संगणकसेवा पुरवणारी सीटा नावाची तिसरीच कंपनी आहे, तिच्याकडे घरफोडी झाली. दर दिवाळीला मुंबईला जाणाऱ्या माणसाने यात काय करायला हवे होते? काहीच नाही. त्याने टोरचे नावही ऐकले नव्हते.

आणि त्याच वर्षी भारतात डॉमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरींची माहिती बाहेर आली. चोरांनी तर तिचे शोधयंत्रच करून ठेवले होते. फोन नंबर टाका, त्या माणसाने कोणत्या पत्त्यावर, किती वेळा पिझ्झा मागवला ते बघा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी सिंगापूरहून मुलांनी मागवलेला पिझ्झासुद्धा त्यात आला असणार.

याआधी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'जोकर्स स्टॅश' नावाच्या कार्डबाजारात १३ लाखांहून अधिक कार्डांची एक रास विक्रीला आली. त्यातली ९८ टक्क्यांहून जास्त कार्डे भारतीय बँकांची होती, एकेका कार्डाचा भाव सुमारे १०० अमेरिकन डॉलर. हा बाजार २०२१ मध्ये बंद झाला. असे बाजार उघडतात, बंद होतात, कधी पोलीस पाडतात, कधी मालकच गिऱ्हाइकांचे पैसे घेऊन पळून जातो.

आणखी एक गंमत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतातल्या ८१ कोटी ५० लाख लोकांची आधार आणि पासपोर्टची माहिती '८० हजार डॉलरला डार्क वेबवर' विकायला निघाल्याच्या बातम्या आल्या. ती जाहिरात ज्या ठिकाणी लागली होती, ते ठिकाण साध्या ब्राउझरनेही उघडत होते! चोरीच्या मालाचा बराचसा व्यापार आज टेलिग्रामवर आणि अशा उघड्या अड्ड्यांवर चालतो. वर्तमानपत्रात 'डार्क वेब' लिहिले की बातमी जास्त काळी दिसते, इतकेच. आमच्या लहानपणी मुंबईतली प्रत्येक चोरीची वस्तू चोरबाजारात मिळते असे म्हणत, त्यातला हा प्रकार. चोरबाजार कुठे आहे याला फारसे महत्त्व नाही. घराचे दार कोणी, कुठून फोडले हे महत्त्वाचे.

याचे ठळक उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी बनावट कार्डांना 'पैसे द्या' असे उत्तर मिळेल अशी व्यवस्था केली आणि साधारण सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रोकड उचलली गेली. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटी. सूत्रधार कुठे परदेशात बसलेले, पण पकडले गेले ते एटीएमच्या कॅमेऱ्याखाली कार्ड घेऊन उभे राहिलेले लोक. काही रक्कम तर आपल्या कोल्हापुरातून काढलेली होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. कितीही पापुद्रे असोत, शेवटी पैसा कुठेतरी हातात घ्यावा लागतो, आणि माहिती कुठेतरी वापरावी लागते.

ती वापरतात दोन प्रकारे. पहिला प्रकार पासवर्डचा. रेडमार्टला दिलेला पासवर्डच तुम्ही मेलला, फेसबुकला आणि क्रिसफ्लायरला दिला असेल, तर एका किल्लीने चार कुलुपे उघडतात. चोर ते हाताने करून बघत नाही. त्याचा संगणक लाखो नावे-पासवर्ड घेऊन शेकडो दारे ठोठावत फिरतो. उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा: प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, आणि जिथे मिळेल तिथे दुसरी पडताळणी. निदान मेलचा पासवर्ड तरी स्वतंत्र ठेवा, कारण बाकी सगळ्यांच्या 'पासवर्ड विसरलात?' या वाटा मेलमधूनच जातात. वह्यांत लिहून ठेवणाऱ्या आजी-आजोबांना हसू नका. घरातल्या कपाटातली वही रशियातल्या चोराला वाचता येत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट, आणि आजोबांना खरा धोका त्याचाच. फोन येतो. समोरचा माणूस तुमचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, ब्लॉक आणि घर नंबर घडाघडा सांगतो. आपण मनात म्हणतो, एवढे सगळे ठाऊक आहे म्हणजे हा सरकारी माणूसच असणार. इथेच फसतो. वर सांगितलेल्या चार-पाच चोऱ्यांनंतर एवढे सगळे कोणाही भामट्याला ठाऊक असू शकते. बरोबर माहिती ही आता ओळखीची खूण राहिलेली नाही. मग तो म्हणतो, तुमचे खाते गुन्ह्यात वापरले गेले आहे, व्हिडिओसमोरून उठायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, पैसे 'सुरक्षित' खात्यात हलवा. भारतात याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. भारताच्या कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. सिंगापूरचे पोलीसही कोणाला फोनवरून पैसे हलवायला सांगत नाहीत. २०२४ या एका वर्षात सिंगापूरमध्ये अशा नाना प्रकारच्या फसवणुकींत लोकांनी ११० कोटी सिंगापूर डॉलर गमावले. यातल्या बहुतेक प्रकरणांत कोणी बँक फोडली नव्हती. माणसांनी स्वतःच्या हाताने पैसे पाठवले होते.

आता लक्षात येईल की आजोबांची ईमेल वाचून मुदत ठेव मोडणे का चुकीचे होते. ठेव बँकेत सुरक्षित होती. ती मोडून हलवण्याची घाई हाच धोका होता, कारण भामटा नेमकी हीच घाई शोधत असतो. 'तुमची माहिती डार्क वेबवरून काढून देतो, अमुक डॉलर भरा' असे सांगणारेही फिरतात. नाही हो, ती काढता येत नाही. एकदा प्रती निघाल्या की निघाल्या. उलट खरी असो वा खोटी, अशा ईमेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः जाऊन तपासणे बरे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने २०१३ मध्ये सुरू केलेले 'हॅव आय बीन पोन्ड' नावाचे मोफत संकेतस्थळ आहे. तिथे फक्त ईमेलचा पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही. तो पत्ता कोणकोणत्या ज्ञात चोऱ्यांत सापडला, ते कळते. माझा पत्ता अनेक ठिकाणी आहे. तुमचाही असेल. त्या त्या ठिकाणचा पासवर्ड बदलायचा आणि झोपायला जायचे.

बँकेच्या बाबतीत इथे आणखी एक सोय आहे. डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तिन्ही बँकांनी २०२३ च्या नोव्हेंबरपासून खात्यातली काही रक्कम कुलूपबंद करून ठेवण्याची व्यवस्था सुरू केली आहे. ती रक्कम मग इंटरनेटवरून हलवता येत नाही, चोरालाही आणि घाबरलेल्या मालकालाही. शंका आली तर सिंगापूरमध्ये १७९९ आणि भारतात १९३० हे नंबर आहेत. घरी पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांच्या फोनमध्ये दोन्ही घालून ठेवा, आणि भारतात परत गेल्यावर कोणाचा विचित्र फोन आला तर आधी आम्हाला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, हेही सांगून ठेवा. आपल्याकडची माणसे 'पोरांना कशाला त्रास' म्हणून गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच सगळी ठेव जाते.

कार्डाचा नंबर बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही. आईचे माहेरचे आडनावही नाही, आणि काही ठिकाणी अजून हाच प्रश्न 'गुप्त' म्हणून विचारतात! आता आपल्या समाजात कोणाच्या आईचे माहेर कुठले हे गुपित कधी होते? पहिल्या भेटीतच 'तुम्ही मूळचे कुठले, आई कोणाकडची' हे विचारून झालेले असते. पण हे उत्तर खरे आहे का, हे तपासायला कोणी येत नाही. तिथे आडनावाच्या जागी 'थालीपीठ' लिहा, 'कोकमसरबत' लिहा, हवे ते लिहा, आणि त्या कपाटातल्या वहीत नोंदवून ठेवा.